वादळामागे जायचंय? आधी परतीचा रस्ता बघा

‘ट्विस्टर्स’ बघून आल्यावर दोन दिवस तरी वाटतंच, की यार, एकदा ओक्लाहोमाला जायला हवं! समोर ढगातून लोंबणारी ती सोंड आणि तिच्या मागे सुसाट आपली गाडी. तिकडे शिकायला गेलेल्या मित्राकडे कार असेल, तर मे महिन्यात हे जमण्यासारखंही आहे. गाडीच्या लायसन्सपलीकडे कसलीच परवानगी लागत नाही. जमलं तर जरूर जा, असंच मी म्हणेन. फक्त टोर्नेडो दिसलाच पाहिजे, हा हट्ट घरी ठेवून जा. कारण जीव जातो तो बहुतेकदा त्या हट्टापायी.

सिनेमा जे दाखवत नाही, ते आधी ऐका. चेसिंगचा दिवस म्हणजे नव्वद टक्के वाट बघणं. सकाळी मोटेलच्या खोलीत नॉर्मनच्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरचा नकाशा उघडायचा. मेक्सिकोच्या आखातावरून येणारी दमट हवा आणि पश्चिमेची कोरडी हवा यांची गाठ कुठे पडतेय, ते शोधायचं. मग दोन-तीनशे किलोमीटर गाडी हाणून एखाद्या आडगावातल्या पेट्रोल पंपावर चिप्स खात आभाळाकडे बघत बसायचं. वरच्या थरातली उबदार हवा झाकणासारखी बसलेली असेल, तर संध्याकाळपर्यंत एक ढग धड वाढत नाही. चेसर लोक याला ‘बस्ट’ म्हणतात आणि अनुभवी मंडळींच्याही वाट्याला असे दिवस भरपूर येतात.

पण झाकण फुटलं, की तासाभरात ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो आणि अख्खा ढग सावकाश स्वतःभोवती फिरायला लागतो. हा सुपरसेल. टोर्नेडो नाही आला तरी पैसे वसूल, खरंच! अडचण अशी, की रील मात्र टोर्नेडोचीच चालते. लाइव्हस्ट्रीमवर व्ह्यूज बघत गाडी चालवणारा माणूस आणखी थोडं पुढे, आणखी थोडं पुढे करत जातो. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर भरतीच्या लाटा अंगावर घेणारे आपल्याला काही नवीन नाहीत.

चेसर बहुतेक वेळा वादळाच्या आग्नेयेला राहतात आणि दक्षिणेकडे पळायचा रस्ता मोकळा ठेवतात, कारण ही वादळं सहसा ईशान्येकडे सरकतात. या ‘सहसा’वर विसंबण्यात काय धोका आहे, हे ३१ मे २०१३ला एल रेनोजवळ दिसलं. तिथला टोर्नेडो जवळजवळ सव्वाचार किलोमीटर रुंद झाला, नोंद झालेल्यांत सगळ्यात रुंद. पावसात लपलेला, अचानक दिशा बदलणारा, वेग वाढवणारा. त्यात टिम समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग गेले. टिम म्हणजे कॉलेजची डिग्री नसलेला, छंदातून संशोधक झालेला माणूस. २००३मध्ये साउथ डाकोटात त्यांनी टोर्नेडोच्या वाटेत ठेवलेल्या उपकरणाने हवेच्या दाबात १०० मिलीबारची घट नोंदवली होती. चेसर मंडळींत ते सावध म्हणून ओळखले जात. त्याच दिवशी एक स्थानिक हौशी चेसरही गेला.

आणि टोर्नेडोच मारतो असंही नाही. २०१७मध्ये टेक्सासमध्ये तीन चेसर दोन गाड्यांच्या टकरीत गेले. २०२२मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाचे हवामानशास्त्राचे तीन विद्यार्थी चेसवरून परतताना गेले. रस्ता ओला होता, गाडी घसरली. दिवसभर ड्रायव्हिंग, नजर ढगांवर आणि मोबाइलवरच्या रडारवर (ते चित्रही काही मिनिटं शिळंच), वर पावसाने चिखल झालेले कच्चे रस्ते. नकाशावर रस्ता दिसतो म्हणून त्यावरून पळता येईलच, असं नसतं.

शिवाय तुम्ही ज्याचा व्हिडिओ काढताय, तो कुणाच्या तरी घरावर चाललेला असतो. चक्रीवादळ येणार हे आपल्याला काही दिवस आधी कळतं; टोर्नेडोत हातात जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. तेवढ्यात एखादं कुटुंब तळघर गाठत असताना पर्यटकांच्या गाड्यांनी एकुलता एक रस्ता अडला, तर त्यांनी काय करायचं?

म्हणून जाणार असाल, तर आधी स्पॉटरचं ट्रेनिंग घ्या. तिथली नॅशनल वेदर सर्व्हिस ‘स्कायवॉर्न’ नावाने ते फुकट देते. बघ्या आणि स्पॉटर यांत खरा फरक आहे. पृथ्वी गोल असल्याने रडारचा किरण जसजसा दूर जातो, तसतसा जमिनीपासून वर जातो. ढगाखाली काय चाललंय ते त्याला दिसत नाही, तिथे माणसाचेच डोळे लागतात. त्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात ते अगदी साधं: गाडी बाजूला सुरक्षित जागी लावा, फोन करा आणि नेमकं सांगा. तुम्ही कुठे आहात, कुठल्या दिशेला बघताय, ढग फिरतोय का आणि गारा केवढ्या पडताहेत, वाटाण्याएवढ्या की गोल्फच्या चेंडूएवढ्या.