रोही मोजताना नर-मादी वेगळे मोजा
तापीकाठच्या हरभऱ्यात, मक्यात शिरणारी रोही, म्हणजेच नीलगाय, जळगाव-धुळ्याच्या शेतकऱ्याला नवी नाही. नर निळसर करडा आणि शिंगांचा, मादी भुरकट आणि बिनशिंगाची. त्यामुळे कळपात नर किती, हे नजरेनेच ठरवता येईल असे वाटते. पण वयात न आलेला नरही मादीसारखाच भुरकट असतो, आणि प्रौढ नर प्रजननकाळ सोडून एरवी बरेचदा कळपापासून वेगळे राहतात. म्हणून शिवारात माद्या भरमसाट दिसल्या तरी जन्मावेळचे नर-मादी प्रमाण तसेच असते असे नाही. ते असे एकतर्फी का राहत नाही, याचे कारण अनुवंशशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३० मध्ये मांडले: जे लिंग कमी पडते, त्याच्या प्रत्येक पिल्लाच्या वाट्याला सरासरीने अधिक संतती येते, म्हणून जन्माचे प्रमाण बरोबरीकडे ओढले जाते.

‘पीक गेले, आता हा हिशेब कशाला?’ हा आक्षेप रास्त आहे. भरपाई वेळेवर मिळालीच पाहिजे. तिला मोजणीची वाट पाहायला लावू नये. पण बंदोबस्ताचे धोरण मात्र या हिशेबाशिवाय आंधळे राहते. एक नर अनेक माद्यांशी जुगतो आणि मादीला जुळी पिल्ले होणे सर्रास आढळते. म्हणून चार नर हटवल्याने पुढच्या हंगामातला उपद्रव फारसा घटत नाही. वन विभागाने मोजणीत प्रौढ नर, प्रौढ मादी आणि अल्पवयीन असे तीन रकाने ठेवावेत. निव्वळ एकूण आकड्यावरून कळप वाढणार की घटणार, हे कळत नाही.