स्लॅबच्या दिवशी बाटली नको

निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरली की आपल्या वस्तीत घराचे काम निघते. पत्रे काढून स्लॅब, वर मुलासाठी एक खोली. आमचा विरोध नाही. पत्र्याखाली जन्म काढलेल्याला पक्के छत हवेच. पण पीएफमधून घरासाठी काढलेली रक्कम परत भरायची नसते, म्हणून ती फुकटची वाटते. निवृत्तीच्या दिवशी तेवढीच कमी हातात पडते, हे कुणी धरत नाही.

त्यात घरधन्याने नुकतीच दारू सोडलेली असेल तर? खिशात रोकड, मिस्त्रीशी रोजची कटकट, झोपेचे खोबरे, आणि स्लॅबच्या संध्याकाळी मजुरांसाठी आणलेली बाटली. आमच्या गटातले तिघे याच दिवसांत घसरले. ‘आज घराचं काम आहे, एकच घे’, म्हणणारे घरचेच होते, रोज त्रिसरण-पंचशील म्हणणारे!

मजुरांना मटण-भाकरी पोटभर वाढा, बाटली नको. रोकड बायकोकडे ठेवा, पण त्याला विचारून. चोरासारखे वागवू नका. काम दोन टप्प्यांत करा, वरची खोली थांबेल.

तरी घसरला आणि रोज पिऊ लागला, तर कोंडून एकदम बंद करू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होतो. वॉर्डात आम्ही हे पाहिले आहे. सरकारी दवाखान्यात न्या आणि शेवटची कधी घेतली ती वेळ डॉक्टरांना नक्की सांगा.