ताप उतरला, आता जपा

कर्जतकडे जाताना कल्याण सोडलं की पुढचं स्टेशन विठ्ठलवाडी. इथल्या चाळींत नळाला पाणी आलं की पिंपं भरून ठेवावीच लागतात, आणि डेंग्यूच्या एडिस डासाला नेमकं असंच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. या आजाराची गोम अशी, की ताप उतरतो, घरचे सुस्कारा सोडतात आणि तिथूनच पुढचे 24 ते 48 तास जोखमीचे असतात. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो. पोट राहून राहून दुखतं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं, लघवी कमी होते, एरवी घर डोक्यावर घेणारं पोर मलूल पडून राहतं. यातलं एक जरी दिसलं तरी पपईच्या पानांचा रस काढत बसू नये, थेट रुग्णालय गाठावं. ‘प्लेटलेट किती?’ हा शेजाऱ्यांचा लाडका प्रश्न. डॉक्टर मात्र हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती दाट झालंय, हेही बघतात, कारण रक्त दाट होणं ही त्या गळतीची खूण. 2012 मध्ये चित्रपट दिग्दर्शक यश चोप्रा डेंग्यूनेच गेले. बंगला-चाळ हा भेद डास करत नाही. आणि हो, अंगदुखीला अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉल घ्यावं, तेही डॉक्टरांना विचारून.