नदीपलीकडची रोजी

आमचा गोंडपिपरी तालुका नकाशावर बेट नाही. पण एका अंगाला वैनगंगा, दुसऱ्या अंगाला वर्धा, आणि खाली दोघींच्या संगमातून निघालेली प्राणहिता. दोन नद्यांच्या बेचक्यात राहणाऱ्याला बेटावरच्या माणसाची अडचण समजावून सांगावी लागत नाही. पलीकडचे गाव डोळ्यांना दिसते. रस्त्याने जायचे तर आष्टीच्या पुलाचा वळसा. म्हणून काठावरचा माणूस डोंग्यात बसतो.

२३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यातील गणपूरच्या बाया अशाच नावेत बसल्या. वैनगंगेपलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या शेतावर त्या मिरची तोडायला निघाल्या होत्या. नाव उलटली आणि सहा जणी गेल्या. हळहळ झाली, ‘अपघात’ म्हणून आपण मोकळे झालो. मला तो शब्द अपुरा वाटतो.

त्या नावेत का बसल्या, याचे उत्तर नदीत नाही, शेतात आहे. हा मुलूख धानाचा. कापणी-मळणी आटोपली की कोरडवाहू गावात हाताला काम उरत नाही. नेमकी तेव्हाच मिरची लाल होते आणि शेतकऱ्याला एकदम पुष्कळ हात लागतात. एका तीरावर काम, दुसऱ्या तीरावर माणसे. त्यांना जोडणारी नाव हीच इथली रोजगार हमी. वळशाच्या रस्त्याने गेले तर गाडीभाडे आणि वेळ यांतच रोजीचा मोठा वाटा जातो. नाव स्वस्त पडते, कारण तिच्यातला धोका भाड्यात धरलेला नसतो. तो मजुराच्या पदरी असतो.

‘पूल बांधा,’ असे कोणीही म्हणेल. पुलाने काय होते ते सिरोंच्याने पाहिले आहे. २०१६ साली गोदावरीवरचा पूल खुला झाला आणि कालेश्वरमची वाट नावेवाचून मोकळी झाली. पण प्रत्येक घाटावर पूल होणार नाही. मग घाटाचे काय? गोव्यात दिवाडी, चोडण या बेटांना सरकारच्या नदी परिवहन खात्याची फेरीबोट जाते आणि पायी प्रवाशाला भाडे पडत नाही. तिथे फेरीबोट म्हणजे पाण्यावरचा रस्ताच मानला आहे. आपल्याकडे तो नावाड्याचा खासगी व्यवहार.

२६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हे दोन्ही तीर एकाच चंद्रपूर जिल्ह्यात होते. गडचिरोली वेगळा झाला आणि वैनगंगा हद्द बनली. हद्दीवरची नाव कोणाची, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. केंद्राच्या २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यंत्राविना चालणाऱ्या नावांच्या नोंदणीची आणि सुरक्षिततेचीही तरतूद आहे. ते काम स्थानिक संस्थांकडे सोपवता येते. दोन्ही जिल्हा परिषदांनी मिळून घाटांची यादी करावी, नावेवर माणसांची मर्यादा रंगवावी, तरंगजाकिटे द्यावीत आणि हंगामापुरते नावाड्याला मानधन द्यावे. मानधन मिळाले तर जास्त माणसे कोंबण्याचा मोह त्याला होणार नाही. एका पुलाच्या खर्चापुढे ही रक्कम किती लहान!

मी स्वतः कितीदा डोंग्याने पलीकडे गेलो आहे. भाड्यावरून नावाड्याशी घासाघीसही केली आहे. ही नाव किती माणसांची, हे मात्र एकदाही विचारले नाही. आता विचारतो.