बंबावरची माणसे
(बी. ए. द्वितीय वर्ष)

उन्हाळ्यात आमच्या खेड्यात आगीचा बंब येतो तो बहुधा उशिराच. तोवर कुटाराचे ढीग, पऱ्हाटीची गंजी, कधी गोठाही जळून गेलेला असतो. मग लोक बंबावरच्या माणसांनाच शिव्या देतात. लहानपणी मीही दिल्या आहेत. आता देववत नाहीत. गेली चार वर्षे माझा मोठा भाऊ जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या बंबावर आहे.

दादा ठेकेदाराचा माणूस. त्याच बंबावर, तोच पाइप धरून उभा असलेला त्याचा सोबती नगरपरिषदेचा कायम कर्मचारी. ज्वाळा दोघांनाही सारख्याच भाजतात, पगार मात्र सारखा नाही. दादाच्या हाती सोबत्याच्या निम्मेही पडत नाहीत आणि तेही कधी दोन-दोन महिने अडकून राहतात. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, आणि माझी फी याच पैशांतून भरली गेली. म्हणून हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही.

अग्निशामकाचा पगार कशावर ठरतो? 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन हे नगरपालिकांचे काम म्हणून नोंदले आहे. म्हणजे जशी संस्थेची तिजोरी, तशी बंबावरच्या माणसाची भाकर! मुंबई महापालिकेने 2022 च्या अखेरीस अग्निशामकांच्या 910 जागांची जाहिरात काढली. तिच्यात वेतनश्रेणी 21,700 ते 69,100 रुपये होती, भत्ते वेगळे. घरभाडे भत्ता शहराच्या वर्गाप्रमाणे मिळतो. सातव्या वेतन आयोगातले त्याचे सुरुवातीचे दर मूळ पगाराच्या 24, 16 आणि 8 टक्के होते. मुंबई पहिल्या वर्गात, नागपूर दुसऱ्या, आपले यवतमाळ तिसऱ्या. शिक्षणानेही फरक पडतो. नागपुरात राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहे, तिथल्या शिक्षणातून अधिकारीपदाची वाट निघते.

या फरकांना काही कारण तरी आहे. मुंबईत घरभाडे जास्त, हे कोण नाकारील? पण एकाच बंबावरच्या दोघांत जो फरक आहे, त्याला कामातले कोणते कारण आहे?

कोणी म्हणतात, आग काय रोज लागते? ही माणसे बसूनच तर असतात! पण तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपणच म्हणतो ना? बंबावरच्या माणसाचे रात्रभर सज्ज बसणे हेच त्याचे काम आहे. कापसाच्या आपल्या जिल्ह्यात जिनिंगच्या आवारात एक ठिणगी पडली की या सज्जतेची किंमत कळते.

दुसरे म्हणतात, नगरपरिषदेकडे पैसा कुठे आहे? ही अडचण खरी आहे. परंतु 2006 च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्यात अग्निशमन सेवा शुल्क घेण्याची तरतूद आहे. त्यातला ठरावीक वाटा बंबावरच्या माणसांसाठी राखावा आणि लहान नगरपरिषदांची तूट शासनाने भरून काढावी.

26 ऑक्टोबर 2016 रोजी पंजाबच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, कायम कर्मचाऱ्याचेच काम करणाऱ्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यालाही त्या पदाच्या वेतनश्रेणीतील किमान वेतन मिळाले पाहिजे. ठेकेदाराच्या माणसाला हा न्याय आपोआप मिळत नाही, कारण कागदावर त्याचा मालकच दुसरा असतो. तेव्हा बंबावरची ठेकेदारीच बंद व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

14 एप्रिलला आपण सारे बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीत असतो. 1944 साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट होऊन अग्निशमन दलाचे 66 जवान मृत्युमुखी पडले. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्या जवानांच्या स्मरणार्थ हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. फोटोला हार घातले जातात, भाषणे होतात.

गेल्या वर्षी त्या दिवशी दादा दिवसभर कामावर होता. रात्री घरी आला तेव्हा अंगाला धुराचा वास येत होता. आईने विचारले, “पगार झाला का रे?” तो काही बोलला नाही. तांब्या उचलून ओसरीवर गेला.

त्या प्रश्नाचे उत्तर आपण सर्वांनी मिळून द्यायचे आहे.