स्वरमंडपात जावे का?

डिसेंबरचा गारवा सुरू झाला की महाराष्ट्रातील शहरांत खुल्या मैदानांवरील संगीत महोत्सवांना बहर येतो आणि अनेक जैन कुटुंबांत एक जुना संवाद नव्याने रंगतो. मुलामुलींना जायचे असते. वडीलधाऱ्यांना गर्दीची, रात्रीची आणि बाहेरच्या खाण्याची काळजी वाटते. घरी बसून हवे ते गायन ऐकता येत असताना हजारोंच्या गर्दीत कशासाठी जायचे, असे ते विचारतात. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

संगीत जैन परंपरेला कधीच परके नव्हते. पार्श्वदेवांचा ‘संगीतसमयसार’ आणि सुधाकलशांनी १३५० मध्ये रचलेला ‘संगीतोपनिषत्सारोद्धार’ हे संगीतशास्त्रावरील ग्रंथ जैन विद्वानांचेच आहेत. पूजाविधानांत व पंचकल्याणक महोत्सवांत गायनवादनाला मानाचे स्थान आहे. तेव्हा संगीत ऐकावे की नाही, हा वाद नाही. ते कोणत्या रीतीने, किती प्रमाणात आणि कोणाला त्रास देऊन ऐकावे, हा आहे. श्रावकाच्या व्रतांतील अनर्थदंडविरती नेमके हेच विचारते : या कृतीला काही प्रयोजन आहे का, की केवळ प्रमादापोटी इतर जीवांना पीडा होत आहे?

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. सवाई गंधर्व १९५२ मध्ये निवर्तले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ हा उत्सव आरंभिला. अनेक वर्षे रमणबाग शाळेच्या पटांगणावर रात्रभर मैफली चालत आणि पहाट उजाडल्यावरच श्रोते घरी परतत. पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई झाली. वर्षातील मोजक्याच दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येऊ लागली. रात्रभराची बैठक संपली.

यात संगीताचे नुकसान झाले, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. उत्तररात्रीच्या रागांना त्यांची वेळ उरली नाही. दरबारीच्या गांभीर्याला मध्यरात्रीची जी शांतता हवी, ती दुपारी चार वाजता कोठून आणायची? तरीही मैदानाशेजारच्या घरात एखादा रुग्ण असतो, तान्हे मूल असते, पहाटे कामाला निघणारा माणूस असतो. आपल्या रसास्वादाची किंमत त्यांच्या झोपेने चुकवावी, हे अहिंसेत बसणारे नाही. महोत्सवाने मर्यादा स्वीकारली आणि तो टिकलाही. भीमपलास, मुलतानी, मारवा अशा दुपारच्या व संधिकाळच्या रागांना मोठा श्रोतृवर्ग लाभण्याची संधी त्यातूनच मिळाली.

तरुणांना ओढ असलेल्या पाश्चात्त्य धर्तीच्या नृत्यसंगीत महोत्सवांनाही हाच निकष लावावा. ते संगीत परके म्हणून त्याला नाक मुरडू नये. तेथे खरा प्रश्न आवाजाचा आहे. श्रवणशास्त्राच्या एका मान्य मोजमापानुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसता येतो. पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला ती अवघी पंधरा मिनिटे उरते. ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे तीन-चार तास उभे राहणाऱ्याने स्वतःच्या कानांशी कोणता व्यवहार चालवला आहे, हे जाणून घ्यावे. स्वतःच्या देहाची हानी हीसुद्धा हिंसाच आहे.

मग घरीच का ऐकू नये? कारण घरचे ऐकणे हाताच्या बोटावर असते. कंटाळा आला की बोट पुढे सरकवते. मंडपात बिछायतीवर बसलेल्याला विलंबित ख्यालाची संथ बढत धीराने ऐकावी लागते. गाणाराही समोरच्यांच्या दादेवर फुलत जातो. एवढा वेळ एका जागी, मौन धरून, एका विषयावर मन ठेवणे हा सामायिकाचा पर्याय नव्हे. पण त्या सवयीशी त्याचे नाते आहे.

आदिपुराणातील नीलांजनेची कथा येथे आठवते. ऋषभदेवांच्या सभेत नृत्य करता करता तिचे आयुष्य संपले. रसभंग होऊ नये म्हणून इंद्राने तत्क्षणी तिच्या जागी तशीच दुसरी नर्तकी उभी केली. सभा रंगलेलीच राहिली. बदल ध्यानी आला तो एकट्या ऋषभदेवांच्या, आणि त्यातूनच वैराग्य जागे झाले. सभा एक, नृत्य एक. पाहणे मात्र निराळे. भ्रमणध्वनी उंच धरून चित्रण करणारा श्रोता मैदानात असूनही कोठे असतो, हे त्याने स्वतःलाच विचारावे.

तेव्हा जावे, पण ठरवून जावे. सगळे दिवस, सगळे कलाकार हा हव्यास सोडून एक दिवस निवडावा आणि निदान एक मैफल आरंभापासून अखेरपर्यंत ऐकावी. त्या दिवसांत पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्यांनी घरचा डबा त्याआधीच आटोपावा, म्हणजे नियमही मोडत नाही आणि खाद्यपदार्थांच्या रांगेत रागही निसटत नाही. लहान मुलांना ध्वनिक्षेपकांपासून दूर बसवावे. आणि शक्य असेल तर घरातील तरुणांनी आजी-आजोबांनाही सोबत न्यावे. घरी ज्या प्रश्नावर वाद होतो, त्याचे उत्तर दोन पिढ्यांनी शेजारी बसून ऐकले, तर ते दोघींनाही पटण्याचा संभव अधिक आहे.