वामनदादांच्या रात्री कोणत्या दप्तरात सापडतील?

१/२०
आजचा थ्रेड एका गायकाच्या चाहत्यांविषयी आहे. माझे म्हणणे प्रारंभीच मांडणे बरे. लोककवी वामनदादा कर्डक यांचे कार्यक्रम ज्यांनी रात्र रात्र बसून ऐकले, त्यांच्या आठवणी आणि त्यांनी उतरवून ठेवलेल्या वह्या यांना आपण ‘भावनिक ऐवज’ म्हणून बाजूला सारतो. माझ्या मते ती इतिहासाची प्राथमिक साधने आहेत आणि ती आपल्या डोळ्यांदेखत नाहीशी होत आहेत.

२/२०
नव्या वाचकांसाठी थोडा परिचय. वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात, देशवंडी येथे झाला. बालपणी शाळा लाभली नाही. तरुणपणी मुंबईत देहलवी नावाच्या शिक्षकांकडून अक्षरओळख झाली. १९४३ मध्ये एका हिंदी गाण्याचे विडंबन रचून त्यांनी आरंभ केला. १५ मे २००४ रोजी ते निवर्तले. मधली सहा दशके त्यांनी गाणी रचण्यात आणि गावोगाव गाण्यात घालवली.

३/२०
येथेच एक गोंधळ दूर करू. ‘माझी दहा भाषणे आणि जलशातले एक गाणे सारखेच’ अशा आशयाचा बाबासाहेबांचा म्हणून सांगितला जाणारा उद्गार समाजमाध्यमांवर वामनदादांच्या छायाचित्रासह फिरतो. परंपरेत तो सांगितला जातो तो भीमराव कर्डक यांच्या जलशाविषयी. आडनाव एक, जिल्हा एक, कार्यही एकाच वाटेवरचे. पण माणसे दोन आणि पिढ्याही दोन. चाहत्यांच्या स्मृतीत असे सांधे जुळतात. ते का जुळतात, हाही अभ्यासाचाच विषय आहे.

४/२०
परंपरा थोडक्यात अशी. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्या विचाराच्या प्रसारासाठी तमाशाचा साचा घेऊन सत्यशोधक जलसे उभे राहिले. १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे आले. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरच्या काळात जलशातील वगनाट्याचा भाग मागे पडत गेला आणि गाणे केंद्रस्थानी आले. त्यातून ‘गायन पार्टी’ हे रूप रुळले : मुख्य गायक, पेटी, ढोलकी, दोन-चार कोरस देणारे आणि कव्वालीच्या मुकाबल्याचा रंग.

५/२०
हा कार्यक्रम म्हणजे नेमके काय, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांना सांगायला हवे. निमित्त बहुधा चौदा एप्रिलचे, बुद्धपौर्णिमेचे किंवा एखाद्या लग्नाचे. मंडप वस्तीतल्या वर्गणीचा. प्रारंभी वंदना. मग गाणे, गाण्याच्या मध्येच थांबून केलेले निवेदन, पुन्हा तीच ओळ नव्या वजनाने. श्रोता उठून नोट पुढे करतो आणि त्याचे नाव माइकवरून पुकारले जाते. ज्या गावात हे नाव हाळी देऊन, खालच्या सुरातच घेतले जाई, त्याच गावात ते कर्ण्यातून आदराने उच्चारले जाणे ही लहान गोष्ट नव्हती.

६/२०
जुन्या श्रोत्यांना वामनदादांविषयी विचारले, तर ते ‘आवाज गोड होता’ एवढ्यावर थांबत नाहीत. ते समोरचा जमाव पाहून जागच्या जागी रचलेल्या कडव्याविषयी सांगतात. अवघड विचार बैल, भाकरी, माती यांच्या भाषेत आणून ठेवण्याच्या हातोटीविषयी सांगतात. आणि शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव आले की सभेत उठणाऱ्या दादेविषयी हमखास सांगतात.

७/२०
या नाममुद्रेकडे आपण परभणीकरांनी विशेष लक्ष द्यावे. संत जनाबाईंचे गंगाखेड याच जिल्ह्यातले. जनाबाईंचे अभंग आपल्यापर्यंत पोचले ते गाणाऱ्यांच्या कंठांतून आणि उतरवून घेणाऱ्यांच्या बाडांतून. रचना कोणाची, हे ओळखण्याची खूण होती ती नाममुद्रा. वामनदादांचे गाणे दुसऱ्या गायन पार्टीने उचलले, तरी ते कोणाचे हे श्रोत्याला कळे ते याच जुन्या युक्तीमुळे. मौखिक परंपरेत लेखकाचा हक्क सांभाळणारी दुसरी व्यवस्थाच नव्हती.

८/२०
आता जरा दूर, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात जाऊ. जेम्स ब्राउन हा पुढे फंक संगीताचा प्रवर्तक ठरलेला कृष्णवर्णीय गायक. त्याचे चाहते वेडे होते ते त्याच्या प्रत्यक्ष कार्यक्रमांवर. गाता गाता तो गुडघ्यांवर कोसळे, साथीदार त्याच्या खांद्यांवर झूल घालून त्याला आत नेऊ लागे आणि तो ती झूल फेकून पुन्हा माइककडे परते. हे प्रत्येक वेळी घडणार हे ठाऊक असूनही प्रेक्षक प्रत्येक वेळी उसळत.

९/२०
हा कार्यक्रमच ध्वनिमुद्रित करावा, असे त्याने आपल्या कंपनीला सुचवले. किंग रेकॉर्ड्सचे मालक सिड नेथन यांनी नकार दिला. आधीच बाजारात असलेली गाणी लोक पुन्हा कशाला विकत घेतील, हा त्यांचा सवाल. ब्राउनने स्वतःचे पैसे घातले. २४ ऑक्टोबर १९६२ रोजी अपोलो थिएटरमध्ये ध्वनिमुद्रण झाले आणि १९६३ मध्ये ‘लाइव्ह ॲट द अपोलो’ प्रसिद्ध झाले. बिलबोर्डच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले आणि ६६ आठवडे टिकले.

१०/२०
त्या ध्वनिमुद्रणात गायकाइतकाच महत्त्वाचा आवाज आहे तो प्रेक्षकांचा. कोणत्या ओळीला किंकाळी उठली, कोठे सारे सभागृह स्तब्ध झाले, हे आज साठ वर्षांनंतरही ऐकता येते. नेथन यांना गाणे आणि कार्यक्रम यांतला फरक कळला नव्हता. चाहत्यांना तो कळत होता, आणि ब्राउनने चाहत्यांवर विश्वास ठेवला.

११/२०
तुलना संगीताची करायची नाही. ढोलकीचा ठेका आणि फंकचा ठेका यांची घराणी निराळी. तुलना पुराव्याची आहे. ब्राउनकडे स्वतःच्या पैशाने एक रात्र जतन करण्याचे सामर्थ्य होते. गायन पार्टीचा हिशेब बिदागी आणि प्रवासखर्च यांतच संपे. आपल्याकडे कॅसेटचा जमाना आला तो १९८० च्या दशकात. प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांचा आवाज तिने घरोघर नेला, हे उपकारच. पण कॅसेटमध्ये बसली ती पाच-सात मिनिटांची गाणी. निवेदन, फर्माईश, थांबणे, परतणे, समोरून आलेली दाद हे सारे बाहेरच राहिले.

१२/२०
‘पुस्तके आहेत ना’ असे कोणी म्हणेल. आहेत. ‘वाटचाल’ १९७३ चे, ‘मोहळ’ १९७६ चे. पण छापील गाण्यात एक ओळ एकदाच येते. मंचावर ती चार वेळा येई आणि चौथ्या वेळेस तिचा अर्थ बदललेला असे. शिवाय फिरतीवर असलेल्या कवीच्या कितीतरी रचना पुस्तकांपर्यंत पोचल्याच नाहीत. त्या उरल्या श्रोत्यांच्या वह्यांत.

१३/२०
या वह्या म्हणजे आपल्या काळाची बाडे आहेत. शाळेची जुनी वही, शाईच्या किंवा बॉलपेनच्या ओळी, वर ‘चाल’ म्हणून एखाद्या हिंदी चित्रपटगीताचा उल्लेख, खाली तारीख किंवा गावाचे नाव. इतिहासाचार्य राजवाडे खेडोपाडी हिंडले, माळ्यांवरची दप्तरे त्यांनी उतरवली, म्हणून मराठ्यांच्या इतिहासाची साधने आपल्याला मिळाली. ती दप्तरे होती वतनदारांची, देशमुख-कुलकर्ण्यांची, मठांची. ज्यांच्याकडे वतनाचा कागद नव्हता, त्यांच्या घरच्या माळ्यावर काय होते, हे पाहण्याची वेळ आता आपली आहे.

१४/२०
पहिला आक्षेप रास्त आहे : चाहता अतिशयोक्ती करतो. पाचशेंचा जमाव त्याच्या आठवणीत पाच हजारांचा होतो, आणि वर्ष तर क्वचितच नेमके असते. मान्य. पण ‘भाऊसाहेबांची बखर’ आपण पानिपतावरील सैन्याची मोजदाद करण्यासाठी प्रमाण मानतो का? आकड्यांसाठी आपण अन्य साधने पाहतो. त्या पराभवाचा घाव मराठी मनाने कसा सोसला, हे समजण्यासाठी बखरीकडे वळतो. हीच शिस्त आठवणींना लावावी. जमावाच्या संख्येबाबत चाहत्यावर विसंबू नये. कोणत्या ओळीला बायकांनी डोळ्यांना पदर लावला, याबाबत त्याच्याइतका चांगला साक्षीदार दुसरा नाही.

१५/२०
दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. हे खरोखर गायकाचे चाहते की बाबासाहेबांचे अनुयायी? आदर नेमका कोणाचा? या प्रश्नामुळेच वामनदादांच्या कलेवर अन्याय झाला, असे मला वाटते. प्रस्थापित समीक्षेने त्यांची गाणी प्रचारगीते म्हणून गणली, तर अनुयायांनी ती श्रद्धेने शिरोधार्य मानली. दोहोंच्या मध्ये गाण्याची बांधणी, चालीची निवड, ठेक्याचा खेळ यांविषयी बोलायचे राहूनच गेले. ढोलकी नेमकी कोठे थांबे आणि त्या शांततेत गायक कोणता शब्द टाकी, हे मात्र मागल्या रांगेत बसलेल्या रसिकाला आजही आठवते. या मंचाचा खरा समीक्षक तोच.

१६/२०
मराठवाड्यापुरते बोलायचे तर हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे. विद्यापीठ नामांतराचा ठराव विधिमंडळात १९७८ मध्ये झाला. त्यानंतर येथील खेड्यांत दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. या सोळा वर्षांचा इतिहास आपण ठराव, मोर्चे आणि वृत्तपत्रे यांवरून लिहितो. पण धुमसत्या गावांत जयंतीचा मंडप उभारण्याचे धैर्य कोठून आले, याचे उत्तर ठरावांत सापडत नाही. ते शोधायचे तर मंडपात काय गायले गेले आणि ऐकणारे कोणत्या मनाने घरी गेले, हे विचारावे लागेल.

१७/२०
आता घरचे उदाहरण. सेलू तालुक्यातील आमच्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव तुम्ही छायाचित्रांत पाहिली असेल. गावकऱ्यांनी श्रमदानाने तिचा गाळ काढला, आणि आज दूरदूरचे इतिहासप्रेमी ती पाहण्यास येतात. याचा मला अभिमान आहे. पण या निमित्ताने एक प्रश्न विचारावासा वाटतो : आपल्या मनातला ‘वारसा’ बहुतेक वेळा दगडाचाच का असतो?

१८/२०
दगडी वारसा ठेवून जाण्यासाठी सत्ता लागते, धन लागते, जमीन लागते. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी ज्यांना सत्याग्रह करावा लागला, आणि गावोगावच्या पाणवठ्यांवर ज्यांना मज्जाव होता, त्यांनी मागे काय ठेवले? जे ठेवता आले ते कंठात ठेवले. बारवेचा गाळ काढणारी आपली पिढी त्यांच्या गाण्यांवर साचलेली धूळ झटकणार नसेल, तर आपल्या इतिहासप्रेमाचा परीघ एकदा तपासून पाहावा लागेल.

१९/२०
करायचे काय? पैसा लागत नाही. मोबाइल आणि सवड पुरे. वही मिळाली तर मालकाची अनुमती घेऊन प्रत्येक पानाचे छायाचित्र काढा. मूळ वही घरातच राहू द्या. शुद्धलेखन सुधारू नका, पाठभेद जुळवू नका. आठवण विचारताना ‘वामनदादा कसे होते?’ एवढेच विचारू नका. मंडप कोठे होता, वर्गणी कोणी दिली, बायका कोठे बसत, कोणत्या गाण्याला वन्समोअर मिळाला, कोणते गाणे गाऊ नका असा निरोप कोणाकडून आला, हे विचारा. गावाचे नाव आणि अंदाजे वर्ष टिपून ठेवा. ध्वनिमुद्रण सांगणाऱ्याला ऐकवा. त्याची हरकत असेल, तर ते प्रसारित करू नका.

२०/२०
१९७५ साली पंचविशीत असलेल्या श्रोत्याने आज सत्तरी ओलांडली आहे. घर नवे बांधताना, सामान हलवताना जुन्या वह्या रद्दीत जातात आणि नातवंडांना त्यांचा पत्ताही लागत नाही. तुमच्या गावात अशी वही असेल, अशी रात्र कोणाला आठवत असेल, तर उत्तरात केवळ गाव आणि अंदाजे वर्ष लिहा; व्यक्तीचे नाव लिहू नका. परभणी, हिंगोली, जालना येथील नोंदी आल्या, तर तालुकावार यादी करून पुढच्या थ्रेडमध्ये मांडीन. चौदा एप्रिलला घरी जाल, तेव्हा आजीला एवढे अवश्य विचारा : तुमच्या वस्तीत गायन पार्टी पहिल्यांदा कधी आली?